अडीच लाख जागचे हलेनात

विदर्भातल्या आर्णीत लोखंड-सिमेंटच्या एका दुकानात मी मुनीम आहे. सळई, सिमेंट, चौकटी, टिना, पाइप, खिळे यांचा हिशेब लिहितो. शहरात कुणाला घरकुल मंजूर झालं की तो माणूस आठ दिवसांत आमच्या गल्ल्यासमोर उभा राहतो. त्यामुळे ही योजना मला जाहिरातीपेक्षा उधारीच्या वहीत जास्त दिसते. शिवाय मी स्वतःही घरकुलवालाच. वडिलांनी ठेवलेल्या जागेवर २०२२ मध्ये बांधलेल्या घरात आम्ही पाच माणसं राहतो.

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग २५ जून २०१५ रोजी सुरू झाला. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरिबाला केंद्राचे दीड लाख आणि महाराष्ट्र सरकारचा एक लाख, असे अडीच लाख ठरले. २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. अर्ज नवे, यादी नवी, रक्कम मात्र तीच, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. पात्रतेसाठी वर्षाला तीन लाख उत्पन्नाची मर्यादा होती, आमच्याकडे तीही तशीच. या काळात जागची न हललेली दुसरी एखादी किंमत असेल तर ती माझ्या वहीत तरी नाही.

वहीचंच सांगतो. २०१६ च्या वहीत सळई किलोला चाळिशीच्या आसपास लिहिलेली आहे. युक्रेनचं युद्ध सुरू झालं त्या २०२२ च्या उन्हाळ्यात ती पंच्याहत्तरवर गेली, आणि नेमका तेव्हाच माझा स्लॅब पडायचा होता. पुढे भाव उतरला, पण चाळीस पुन्हा कुणी पाहिले नाहीत. साडेचारशे रोजाने येणारा मिस्त्री आता साडेसातशेला हो-नाही करत येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर रेजा, म्हणजे मजूर बाया, मिळत नाहीत, सगळ्या शेतात असतात. घरकुलवाल्याला पाच ब्रास रेती फुकट द्यायची, असं सरकारने २०२५ च्या धोरणात म्हटलं. चांगलंच केलं. पण घाटावरची रेती दारात आणणारा ट्रॅक्टर फुकट येत नाही.

माझं घर तीस चौरस मीटरचं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतलं. साडेचार लाख लागले. अडीच सरकारचे, उरलेले दोन माझे. माझा पगार तेव्हा नऊ हजार होता. बँकेने पगारपत्रक मागितलं. आमच्यासारख्या दुकानात पगारपत्रक कोण देतं? मग बायकोच्या बचत गटातून चाळीस हजार उचलले, मालकाकडून साठ हजारांची उचल घेतली, तिचं सोनं पन्नास हजारांत गहाण पडलं आणि राहिलेले पन्नास दर आठवड्याला वसुलीला येणाऱ्या एका फायनान्सवाल्याकडून आणले. गट महिन्याला शेकडा एक रुपया व्याज घेतो. फायनान्सचं व्याज त्याच्या दुप्पट पडलं.

अनुदान हप्त्याहप्त्याने येतं. बांधकामाचा टप्पा पूर्ण व्हायचा, मोबाइलवर जागेसह त्याचा फोटो चढायचा, मग पुढचं बिल निघायचं. पैसा भलतीकडे जाऊ नये म्हणून ही रीत आहे आणि मला ती पटते. पण जोतं वर यायला आधी सिमेंट लागतं, आणि सिमेंट आणायला पैसा. मग माणूस आमच्याकडे येतो. ‘‘भाऊ, हप्ता पडला की पहिले तुमचेच देतो ना,’’ म्हणतो. तो देतोही, या बाबतीत गरीब माणूस बुडवत नाही. मात्र उधारीच्या पिशवीला रोखीपेक्षा दहा-पंधरा रुपये जास्त लागतात. ते लावणारा हात माझाच असतो, भाव मालकाचा. सरकार गरिबाला मदत करतं असं आपण म्हणतो. वही म्हणते की काही महिने तरी गरीब माणूस सरकारसाठी उसनवारी करत असतो आणि त्याचं व्याज कुठल्याच अनुदानात धरलेलं नसतं.

आता कराचं बघा. जीएसटी आला तेव्हापासून सिमेंटवर २८ टक्के कर होता. साडेतीनशेच्या पिशवीत शहात्तर रुपये कर. माझ्या घराला दीडशे पिशव्या गेल्या, म्हणजे साडेअकरा हजार. सळई बाराशे किलो, करासकट नव्वद हजारांची, त्यात १८ टक्क्यांनी पावणेचौदा हजार. दोन्ही मिळून पंचवीस हजार झाले. सरकारने दिलेल्या अडीच लाखांचा दहावा हिस्सा याच दोन वस्तूंवाटे परत गेला. विटा, टाइल्स, नळाच्या तोट्या मी धरल्याच नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा कर १८ टक्क्यांवर आला, त्याचं स्वागत. पण गरिबाला घरासाठी द्यायचं आणि त्याच घराच्या सिमेंटवर कर लावायचा, ही नोंद मी वहीत केली तर मालक मला घरी पाठवेल.

आर्णी तालुक्याचं नाव बाहेरच्यांना आठवतं ते दाभडीमुळे. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी तिथे ‘चाय पे चर्चा’ करायला आले होते, शेतकऱ्यांशी बोलायला. तेव्हापासून कॅमेरे येतात ते कापसाच्या वावरात. यायलाच पाहिजेत. मात्र शहरात दुकानांवर, जिनिंगवर, ऑटोवर, हॉटेलांत पोट भरणाऱ्या आमच्याकडे सातबारा नाही. त्यामुळे कर्जमाफी नाही, पीक विमा नाही. कापसाला भाव नसला की दुकानाची उधारी थकते आणि उधारी थकली की आमचा पगार थकतो. नुकसानीत आम्ही शेतकऱ्याच्या बरोबर असतो, भरपाईच्या यादीत नसतो.

खेड्यात घरकुल झालं तर अनुदानावर रोजगार हमीची नव्वद दिवसांची मजुरी मिळते. तिथलं मूळ अनुदान आमच्यापेक्षा कमी आहे, हे खरं. पण आपल्याच घरावर राबल्याचे पैसे मिळणं ही केवढी अकलेची गोष्ट! हद्दीची पाटी ओलांडून आर्णीत या, ती मजुरी बंद. शहर झालो ना आम्ही.

आणि शहर म्हणावं तर मुंबईचं शहर वेगळं. मुंबई महानगरासाठी तीच तीन लाखांची मर्यादा २०२३ मध्ये सहा लाख केली गेली. तिथली महागाई बघून केली, योग्यच केलं. आमच्याकडे नवरा-बायको दोघं राबली आणि पोरगा मोबाइलच्या दुकानात लागला की तीन लाखांचा आकडा पार होतो आणि घर कुडाचंच राहतं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांची घरं मिळाली, रहिवाशांना एक पैसा न लावता. मला त्यांचा हेवा नाही, तीन-तीन पिढ्या एकशे साठ फुटांत काढल्या त्यांनी. पण हे कशामुळे जमलं ते समजून घ्यावं. तिथली जमीन इतकी महाग आहे की वाढीव घरं विकून रहिवाशांचं घर निघतं. आमच्या जमिनीला तो भाव नाही, म्हणून आमचं घर कर्जातून निघतं. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगारांनी आणि इतर असंघटितांनी रे नगर उभं केलं, तीस हजार घरांचं. जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा मिळाला. त्यांच्यामागे नरसय्या आडम यांच्यासारखा नेता आणि वर्षानुवर्षांची संघटना होती. आर्णीतल्या दुकान कामगारांची साधी यादीही कुणाकडे नाही.

‘‘तुमाले त फुकटात घर भेटलं, आता काय रडता?’’ असं शेजारचे म्हणतात. रडत नाही. दाराला कडी आहे, संडास घरात आहे, पावसाळ्यात रात्री उठून बादल्या लावाव्या लागत नाहीत. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर हवं, ही तर या योजनेतली सर्वांत शहाणी अट. आमचं घर बायकोच्या नावावर आहे. कराची पावती तिच्या नावाने येते आणि ती पावती ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते, मला हात लावू देत नाही. पूर्वी वाद झाला की मी ‘‘माझ्या घरात’’ म्हणायचो. आता म्हणता येत नाही.

घर पक्कं झालं, मिळकत कच्चीच राहिली. पगार आज साडेअकरा हजार आहे, बायकोच्या शिलाईचे चारेक हजार, लग्नसराईत थोडे जास्त. पोरगी अकरावीला, पोरगा आठवीत. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री चौघांच्या सतरंज्या पडतात आणि पोरगी स्वयंपाकखोलीत दिवा लावून वाचते, कारण खोलीतला दिवा नऊला बंद होतो, आजीला झोप लागत नाही म्हणून. उन्हाळा ही वेगळीच गोष्ट. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत अंगावर ऊन सोडत राहतो. जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. गळायचं, पण दुपारी थंड असायचं. ‘‘बाबू, त्या घरात दुपारी डोळा लागत होता रे,’’ असं आई दर उन्हाळ्यात ऐकवते. नव्या घरात कूलरशिवाय जमत नाही आणि कूलर म्हणजे एप्रिल ते जून विजेचं दुप्पट बिल. विदर्भातल्या उन्हाचा विचार करून घरकुलाचा एखादा नकाशा कुणी काढला असता, स्लॅबवर थोडी सावली, उत्तरेला एक खिडकी, तर फार खर्च नव्हता. सांगायला आम्ही होतोच, कुणी विचारलं नाही.

सरकारी नोकराचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा निर्देशांक पाहून ठरतो. सार्वजनिक बांधकाम खातं आपली दरसूची वेळोवेळी सुधारतं, कारण जुन्या दराने ठेकेदार निविदा भरणार नाही. म्हणजे महागाई मोजायची कशी हे सरकारला नीट माहीत आहे. तीच दरसूची घरकुलाच्या रकमेला लावा, उत्पन्नाच्या मर्यादेलाही लावा, आणि पहिला हप्ता जोत्यापूर्वी द्या. एवढं केलं तरी आमच्या दुकानातली निम्मी उधारी कमी होईल. मालकाला ते आवडणार नाही, हे लिहून ठेवतो.

दुसऱ्या टप्प्यातले लोक आता अंदाजपत्रक मागायला येऊ लागलेत. तेवढ्याच घराचे मी पाच-सव्वापाच लाख लिहून देतो. मग अडीच वजा केले की राहिलेले कुठून आणणार, हे विचारतो. विचारावंच लागतं, वसुली मलाच करायची असते.