पिपेट स्वतःच्या हातात घ्या

बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी घेऊन बीएस्सी करणाऱ्या मुलामुलींना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. प्रॅक्टिकल स्वतःच्या हातांनी करा.

कॉलेजात बॅच मोठी असते, उपकरणं मोजकी. चार-पाच जणांच्या गटात धीट असलेला एक जण पिपेट धरतो, दुसरा घड्याळ बघतो, उरलेले जर्नलमध्ये आकृत्या काढतात. सत्र संपतं, जर्नल सर्टिफाय होतं, मार्कही मिळतात. पण तीन वर्षं आकृत्या काढणाऱ्याचे हात कोरेच राहतात. एमएस्सीला किंवा एखाद्या औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात पाऊल टाकलं, की पहिल्या काही दिवसांतच ते उघडं पडतं.

सुरुवात मायक्रोपिपेटपासून करा. तिच्या बटणाला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, मग टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची आणि अंगठा हळूहळू सोडायचा. अंगठा झटक्यात सोडला तर हवा आत जाते आणि माप चुकतं. द्रव सोडताना टिप नळीच्या भिंतीला टेकवायची, दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचं आणि बटण दाबलेलं असतानाच टिप बाहेर काढायची. हे पाठ करून येत नाही. सरावाला लागतं फक्त पाणी आणि मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन जवळपास १०० मिलिग्रॅम भरतं. लागोपाठ दहा वेळा घ्या आणि प्रत्येक वजन लिहून ठेवा. एकदा ९२, एकदा १०६ असं येत असेल, तर महागातला महाग अभिकर्मकही तुमचा प्रयोग वाचवू शकणार नाही. आकडे एकमेकांच्या जवळ येईपर्यंत करत राहा. या सरावाला एक पैशाचंही रसायन लागत नाही, त्यामुळे कॉलेज गरीब आहे ही सबब इथे चालत नाही.

पाणी जमलं की ग्लिसरॉल घेऊन बघा. डीएनए कापणारी रेस्ट्रिक्शन एन्झाइम्स साधारण ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली असतात, म्हणून ती उणे २० अंशांनाही गोठत नाहीत. पण त्यामुळेच ती टिपेला चिकटतात. टिप खोल बुडवली तर बाहेरून चिकटलेलं एन्झाइमही नळीत जातं. ग्लिसरॉल जास्त झालं की एन्झाइम भलत्याच ठिकाणी डीएनए कापू लागतं.

आता लॉरीची पद्धत घ्या. प्रथिनं मोजण्याची ही १९५१ सालची पद्धत आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांत आहे. तिच्या ग्राफवरचे बिंदू रेषेवर बसत नाहीत, ही जवळजवळ प्रत्येक बॅचची तक्रार असते. फोलिन अभिकर्मक अल्कली द्रावणात फार वेळ तग धरत नाही. आधी सगळ्या नळ्यांत तो घालायचा आणि मग एकेक हलवायची, असं केलं तर पहिल्या नळीत तो प्रथिनाशी क्रिया करण्याआधीच निकामी होऊ लागलेला असतो. एका नळीत घाला, लगेच हलवा, मगच पुढच्या नळीकडे जा. वेळेचं अंतर प्रत्येक नळीला सारखं ठेवा. पुस्तकात यासाठी ‘लगेच मिसळा’ एवढेच दोन शब्द असतात. त्यांचं मोल स्वतःच्या हाताने केल्यावरच कळतं.

आणि बिंदू नाहीच बसला, तर? तसाच लिहा. सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवू नका, रेषेवर बसावं म्हणून आकडा फिरवू नका. चुकलेल्या रीडिंगचं कारण शोधताना तासाभरात जे शिकाल, ते दहा जुळलेल्या ग्राफांतून शिकायला मिळणार नाही. एक्स्टर्नलनी विचारलं, तर हा बिंदू का सुटला असावा हे सांगा. तुमच्याइतकं खात्रीने दुसरं कुणी ते सांगू शकणार नाही, कारण ते काम तुम्ही केलेलं असेल.

कंट्रोलच्या नळ्या कधीही वगळू नका. २०२० साली आरटी-पीसीआर हे नाव घराघरांत पोचलं. त्या तपासणीत नमुन्यांबरोबर एक नळी अशी चालवतात, जिच्यात नमुन्याऐवजी नुसतं पाणी असतं. तिच्यात संकेत आला तर त्या खेपेतले पॉझिटिव्ह निकाल धरता येत नाहीत. वेळ नाही म्हणून कॉलेजात जी नळी आपण गाळतो, ती प्रत्यक्ष कामात माणसाच्या निदानाची राखण करते.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांना मुद्दाम सांगतो. शंका मराठीत विचारा, पण विचारा. लॅब असिस्टंटला विचारा. बफर कसा करायचा, काटा कधी दगा देतो, हे त्यांना अनेकदा पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असतं. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस हा उपक्रम चालवतं, देशाच्या विज्ञान अकादमी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या देतात. त्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवा आणि अर्ज करा. खेड्यातल्या कॉलेजातल्या मुलांनी तर नक्कीच करा.

प्राध्यापकांनाही विनंती आहे. प्रयोगांची संख्या थोडी कमी झाली तरी चालेल, पण गटातल्या प्रत्येकाच्या हातात आळीपाळीने पिपेट जाऊ द्या. आणि मित्रांनो, सरांनी पाळी लावली नाही, तर पुढच्या प्रॅक्टिकलला ती तुम्ही स्वतः मागून घ्या.