बोटीची सहल आणि कडेवरचे मूल

गेल्या थंडीच्या दिवसांत काही कामानिमित्त हैदराबादेस जाण्याचा योग आला. आमच्या गावचा एक तरुण तेथे माधापूर भागातील एका संगणकाच्या कचेरीत नोकरीस आहे. त्याची पत्नीही नोकरी करते. नवव्या मजल्यावरील त्यांच्या बिऱ्हाडी आम्ही एका संध्याकाळी गेलो. दोन वर्षे पुरी होण्यास महिनाभर अवकाश असलेली त्यांची कन्या प्रथम पडद्याआडून पाहत होती. परंतु चहाबरोबर उस्मानिया बिस्किटे येताच ती धीट झाली, आणि आमच्या कपात बुडवून ओले केलेले अर्धे बिस्किट तिने मोठ्या औदार्याने आमच्याच हातावर ठेवले. मैत्री जडण्यास एवढे पुरेसे झाले.

मग त्या तरुणाने आपला प्रश्न मांडला. "फादर, मे महिन्यात मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीने तीन रात्रींची सहल करावी, असे आमच्या मनात आहे. गावाहून आईचा फोन येतो की, एवढ्या लहान पोरीला दर्यावर नेऊ नका. तुम्हांला काय वाटते?" त्याची पत्नी काही बोलली नाही, मात्र थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "फादर, ही जन्मल्यापासून मी एकही रात्र सलग झोपलेली नाही." या वाक्याकडे आम्ही दुर्लक्ष करू शकलो नाही. सहलीची खरी मागणी कोणाची व कशासाठी आहे, हे त्या एका वाक्यात आले होते.

उत्तर देण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर हुसेनसागर तलावावर गेलो. हैदराबादेस समुद्र नाही. गोवळकोंड्याच्या राज्याचे जुने बंदर मच्छलीपट्टण तेथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. परंतु सोळाव्या शतकात, इब्राहिम कुत्बशहाच्या काळात बांधलेला हा तलाव त्या शहराला समुद्राची हौस थोडीफार भागवून देतो. लुंबिनी उद्यानाच्या धक्क्यावरून लाँच सुटते आणि काही मिनिटांत तलावाच्या मध्यभागी असलेल्या बुद्धाच्या प्रचंड पुतळ्यापाशी जाते. छोटीच्या अंगावर तरंगजाकीट चढविताच तिने रडून आकाशपाताळ एक केले. तिच्या आईने आमच्याकडे पाहिले. "राहू द्या, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," असे उद्गार त्या वेळी आमच्याच मुखातून निघाले, हे आम्ही येथे स्पष्टपणे नमूद करतो.

लाँच सुटली. आम्ही त्या दांपत्याला पुतळ्याची हकीकत सांगू लागलो. एकाच शिळेतून घडविलेला, शेकडो टन वजनाचा तो पुतळा १९९० सालच्या मार्च महिन्यात तराफ्यावरून नेत असता तराफा कलंडला, कित्येक माणसे प्राणास मुकली, आणि पुतळा तलावाच्या तळाशी गेला. तो वर काढण्यास १९९२ सालचा डिसेंबर उजाडावा लागला. हकीकत रंगली होती. आई ऐकत होती, बाप ऐकत होता, आणि मुलगी आमचे बोट धरून आहे असे तिघांनाही वाटत होते. आमचे बोट मात्र केव्हाच मोकळे झाले होते. ती चिमुरडी कठड्याच्या खालच्या गजावर पाय ठेवून पाण्याकडे वाकली होती. बापाने झेप घेऊन तिला उचलले. तिला काही झाले नाही. परंतु पाण्यात माणसे कशी बुडाली याची कथा सांगत असताना आमच्या हवाली केलेले मूल आम्ही कठड्यापर्यंत जाऊ दिले, ही गोष्ट त्या रात्री आम्हांला झोप येऊ देईना.

पाण्याशी लहान मुलाचा प्रसंग कसा ओढवतो, हे आम्हांस तेथे कळले. निष्काळजी माणसे तेथे कोणीच नव्हती; तीन मोठी माणसे होती, आणि प्रत्येकास वाटत होते की, दुसऱ्याचे लक्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. दोन वर्षांचे मूल बुडताना हाक मारीत नाही. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते पुढे झुकते, तोल जातो, आणि बहुधा आवाजही होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुलांना घेऊन बोटीने जाणे आपल्या लोकांना नवीन नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या आगबोटी ज्यांना आठवतात, त्यांना डेकवर पथाऱ्या टाकून निजलेली कुटुंबेही आठवत असतील. तो प्रवास गरजेचा होता. लग्न, मरण, भातकापणी अशा कारणांनी माणसे जात. त्या प्रवासाची दुःखेही आपल्या किनाऱ्यास ठाऊक आहेत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे गेली. आणि अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीस निघालेल्या लाँचला भर दुपारी अपघात झाला. मृतांत बालकही होते. तेव्हा गावच्या आजीने दर्याचे नाव काढताच काळजी केली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही.

तथापि न्यायाने बोलावयाचे तर सहलीची मोठी बोट म्हणजे लाँच नव्हे. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप या बाजूस २०२१ सालापासून ज्या सहली सुरू झाल्या, त्यांची बोट १९९० साली बांधलेली, अकरा मजल्यांची. तिच्यात उपाहारगृहे, नाटकघर, पोहण्याचा हौद, सारे आहे. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा तिच्यावर निम्म्याच माणसांपुरत्या जीवरक्षक नौका होत्या. त्या धड्यानंतर जगातील राष्ट्रांनी समुद्रप्रवासाचे नियम केले, आणि आज चोवीस तासांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासास निघणाऱ्या उतारूबोटीवर प्रत्येक तान्ह्या मुलासाठी त्याच्या मापाचे तरंगजाकीट ठेवण्याचे बंधन आहे. सुरक्षिततेची कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच होते. मोठ्या बोटीवर बुडण्याचे भय थोडे. तेथील अडचणी निराळ्या, आणि त्या माहितीपत्रकांतील चित्रांत दिसत नाहीत.

पहिली अडचण हौदाची. ज्या मुलास अद्याप लंगोट लागतो, त्याला आरोग्याच्या कारणास्तव बहुतेक बोटींवर हौदात उतरू देत नाहीत. म्हणजे सबंध दिवस पाणी समोर दिसणार, आणि आत जावयाचे नाही; दोन वर्षांच्या मुलास हा न्याय समजावून सांगणारा अजून जन्मावयाचा आहे. दुसरी अडचण खेळघराची. आईबापांवाचून मूल ठेवून घेण्याची वयोमर्यादा पुष्कळ बोटींवर तीन वर्षांपासून पुढे असते. म्हणजे ज्या विसाव्यासाठी ती माउली निघणार, तो विसावा नेमका तिलाच मिळणार नाही. ती आपले घर उचलून एका चिमुकल्या खोलीत नेणार, एवढेच. दुपारी मुलगी निजली की दोघांपैकी एकाने त्या खोलीत अंधार करून बसावयाचे.

तिसरी गोष्ट प्रकृतीची. दोन वर्षांखालील बालकांना बोट सहसा लागत नाही; त्यानंतर बारा वर्षांपर्यंत ती अधिक लागते. मे महिन्यात या मुलीने दोन वर्षे ओलांडलेली असणार, म्हणजे निसर्गाने दिलेली ती सवलत संपलेली. मोठ्या माणसांना दिली जाणारी उलटीवरील औषधे लहान मुलांस डॉक्टरांना विचारल्यावाचून कदापि देऊ नयेत. काही औषधे तर दोन वर्षांखालील बालकांस वर्ज्यच आहेत. शिवाय अनेक माणसे एकत्र जेवतात तेथे जुलाब-उलटीची साथ लवकर पसरते. असल्या साथीत हातास चोळावयाच्या औषधी द्रवापेक्षा साबण व पाणी अधिक उपयोगी पडतात. बोटीवर डॉक्टर असतो हे खरे. परंतु रुग्णालय असते ते किनाऱ्यावर.

इतके असूनही ज्यांना जावयाचे असेल त्यांनी अवश्य जावे. आम्ही कोणाच्या आनंदाच्या आड येऊ इच्छीत नाही. मात्र काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. मुलाचा जन्मदाखला बरोबर असावा. वयाची अट व खोलीची रचना पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावी. मुलाच्या सवयीचे खाणे, जलसंजीवनीची पाकिटे व त्याचे नेहमीचे पांघरूण जवळ असावे. उन्हाच्या वेळी डेकवर फिरू नये. खोलीस सज्जा असेल तर त्याचे दार बंद राहावे, आणि त्यात खुर्ची ठेवू नये, कारण मूल तिच्यावर चढते. जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर दर्या खवळतो; आपले कोळीबांधव त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्यांच्याहून दर्या अधिक ओळखतो असे सहलकऱ्याने मानू नये.

हे सर्व आम्ही त्या दांपत्यास सांगितले. नंतर एक साधा प्रश्न विचारला. बोट मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणार. तेथून वसईचे आपले गाव लोकलने दीड-दोन तासांच्या वाटेवर. सहलीच्या आखणीत त्या गावासाठी किती दिवस ठेवले आहेत? तरुणाने मान खाली घातली. सकाळी विमानाने उतरावयाचे, दुपारी बोटीवर चढावयाचे, आणि परतताच तसेच विमानतळ गाठावयाचे, असा बेत होता. रजा थोडी, म्हणून. आजीने नातीला शेवटचे पाहिले होते ते ती चालू लागण्यापूर्वी. आजीच्या फोनमधील दर्याच्या भीतीत हे दुसरे दुःखही मिसळलेले असावे, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. आणि तिने ते बोलून दाखविले नव्हते.

आम्ही त्यांना कोणतीही आज्ञा केली नाही. इतकेच म्हणालो की, या सहलीत तिघांच्या तीन गरजा आहेत. आईला झोप हवी, बापाला कचेरीपासून सुटका हवी, आणि मुलीला हवी ती ओळखीची मांडी व मातीत खेळण्याची मोकळीक. अकरा मजल्यांच्या बोटीचे मोल कळण्याइतके तिचे वय झालेले नाही; चार वर्षांची झाल्यावर ती बोट आयुष्यभर आठवील, आज ती आठ दिवसांत विसरेल.

पुढची हकीकत आम्हांला गावीच कळली, कारण मे महिन्यात ते तिघे हुसेनसागर एक्सप्रेसने दादरला उतरून थेट गावी आले आणि आठ दिवस राहिले. बोट दोन वर्षांनी, असे ठरले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरावरून जात असता आजी अंगणात नातीला भाताची पेज भरवीत होती. "सूनबाई कोठे?" आम्ही विचारले. आजीने ओठांवर बोट ठेवले. सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि ती माउली अजून गाढ निजली होती.

मागील दारी तिचा नवरा घाम गाळीत होता. त्यांच्या वाडीतील बावखल घरापासून वीस पावलांवर आहे. ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्यास कुंपण नव्हते. आपल्याकडे कितीक घरी नसते. तो खांब पुरून जाळी बांधीत होता. "फादर," तो म्हणाला, "त्या तलावावर आम्ही दहा मिनिटे होतो. येथे ती आठ दिवस आहे."

आमचे बहुसंख्य वाचक बोटीच्या सहलीस जाणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु बावखल, विहीर, हौद, किंबहुना न्हाणीतील भरलेली बादली प्रत्येकाच्या घरी आहे. सध्या पावसाने बावखले काठोकाठ भरली आहेत, आणि सणासुदीला शहरांतील नातवंडे गावी येतील. त्या वेळी घरात दहा माणसे असतील, आणि प्रत्येकास वाटेल की, दुसऱ्याचे लक्ष आहे. म्हणून एक रीत पाळावी: मूल पाण्याच्या आसपास असेल तेव्हा एकाच माणसाने मोठ्याने म्हणावे, "आता लक्ष माझे," आणि दुसऱ्याने तसेच म्हणेपर्यंत त्याने गप्पांत पडू नये. ही रीत आम्ही शिकलो ती आमचे स्वतःचे बोट मोकळे झाल्यावर. आमच्या वाचकांनी ती त्याआधी शिकावी.