देऊळ शिंतोचं, स्मरण सान जिवानचं

शिंतो देऊळ म्हटलं की आपल्याला क्योतोच्या फुशिमी इनारीच्या लाल कमानीच आठवतात. इन्स्टावर सगळ्यांचे फोटो तिथलेच! पण जपानला जाणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाने एक दिवस नागासाकीच्या सोतोमे भागासाठी राखून ठेवावा, असं मला वाटतं. तिथे झाडीत कारेमात्सु नावाचं लहानसं शिंतो देऊळ आहे आणि त्यात स्मरण होतं एका ख्रिस्ती पाद्रीचं, सान जिवानचं.

1614 मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. नागासाकीत लोकांना ख्रिस्ताच्या, मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. सोतोमेचे ख्रिस्ती वरवर बौद्ध झाले. दोनशेहून जास्त वर्षं पाद्री नाही, मिस्सा नाही. उरली ती तोंडपाठ प्रार्थना, ओराशो. देवळाजवळच्या मोठ्या खडकाआड बसून ती पुढच्या पिढीला शिकवत, असं तिथे सांगतात. 1873 मध्ये बंदी उठली, तेव्हा काही कुटुंबं कॅथलिक चर्चमध्ये परतली. काहींनी वाडवडिलांची रीत सोडली नाही.

मग अशा देवळासमोर कॅथलिक माणसाने मान झुकवावी का? कुणी पहिल्या आज्ञेची आठवण करून देईल, आणि ते रास्तच आहे. टाळ्या वाजवून शिंतो पद्धतीने वंदन करा, असं मी म्हणत नाही. पण मान झुकते ती माणसांच्या आठवणीपुढेही.

1549 मध्ये संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच जपानला निघाले. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीत क्रुसावर गेले. त्यांची फेस्तं आपण थाटात करतो, करायलाच हवीत. पण प्रतिमेवर पाय ठेवून घरी आलेल्या आणि रात्री पश्चात्तापाची प्रार्थना पुटपुटणाऱ्या बाईचं फेस्त कुठल्या कॅलेंडरात आहे? असे लोक जगले नसते, तर 1865 मध्ये ओउरा चर्चमध्ये जाऊन फादर पेतिजाँना ‘आम्हीही तुमच्याच धर्माचे’ असं सांगायला कोण उरलं असतं? हुतात्म्यांनी श्रद्धेची साक्ष दिली. लपलेल्यांनी ती पोरांच्या हाती दिली. मला दोन्ही सारखीच मोलाची वाटतात.

2000 मध्ये कारेमात्सुला एक उत्सव सुरू झाला. त्यात कॅथलिक, जुन्या रीतीचे ख्रिस्ती आणि बौद्ध एकत्र येतात. ज्यांचे पूर्वज एकच, त्यांनी कोण खरा, कोण खोटा हा हिशेब बाजूला ठेवला. तो आपण तरी का मांडावा?