गदा मिळाली, आखाड्याचे काय?

मैत्रिणींनो,

चैत्र लागला की आपल्या खानदेशात यात्रांचा हंगाम सुरू होतो. देवीची पालखी, तमाशा, पाळणे आणि शेवटच्या दिवशी कुस्त्यांची दंगल. धुळे तालुक्यातल्या एका गावी मी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. त्या दिवशी तिथे दंगल होती. बैठक लवकर आटोपली, तशा आम्ही सातआठ जणी कुस्त्या पाहायला निघालो. आमच्यातल्या बहुतेकींची ती पहिलीच वेळ. मैदानाभोवती पुरुषांचे दाट कडे होते. आम्हाला जागा मिळाली ती शाळेच्या गच्चीवर.

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, भोंग्यावरून पुकारा झाला. आता मुलींची एक जोड! माझ्या शेजारची आजी पदर सावरत म्हणाली, "आते पोरीबी कुस्ती खेयतीन का?" तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होते.

मुली चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. कपडे बदलायला आडोसा नसणार हे ठाऊक असल्याने एकजण कुस्तीचा पोशाख घरूनच आत घालून आली होती. कुस्ती चांगली रंगली. जिंकणारीला इनाम मिळाले पाचशे रुपये. संध्याकाळी पुरुषांची शेवटची कुस्ती झाली, तिचे इनाम होते एकवीस हजार. जिंकलेल्या मुलीची आई मला म्हणाली, "ताई, हिला पुढच्या निवड चाचणीला पाठवायचं म्हणतात. पण सोबत फक्त सर जाणार. दुसरी बाई कुणी नाही." एवढे बोलून ती गप्प झाली. तिने न बोललेले मला कळले. तुम्हालाही कळले असेल.

महाराष्ट्र केसरी हा किताब आपल्याला परका नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा तो जिंकला आणि पुढे शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षकपद दिले. त्यांच्या कष्टाचे कौतुक आहेच. एका किताबाने शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाचे आयुष्य कसे बदलते, हे खानदेशाने डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच तो किताब मुलींसाठी कधी खुला झाला, हे विचारले पाहिजे.

पहिला महाराष्ट्र केसरी १९६१ साली औरंगाबादला झाला, दिनकर दह्यारी. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. मध्ये बासष्ट वर्षे गेली. अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवले आणि चांदीची गदा पहिल्यांदा एका मुलीच्या खांद्यावर आली. जानेवारी २०२५ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला अहिल्यानगरच्या भाग्यश्री फंडने ती उचलली.

बायकांना कुस्तीची आवडच नव्हती, म्हणून उशीर झाला, असे कुणी सांगेल. त्याला हमीदा बानूचे नाव सांगा. १९५४ साली बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती, ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. एका ठिकाणी पुरुष मल्लाला हरवले म्हणून लोकांनी तिच्यावर दगड फेकले. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तिने दाद मागितली. उत्तर आले की बाई म्हणून बंदी नाही, नकली मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आहेत. हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. बाई म्हणून कधीच कुणी नकार देत नाही, कारण नेहमी दुसरेच असते!

ही हमीदा बानू पुढे कल्याणला राहिली. तिला परदेशी कुस्तीला जायचे होते, तेव्हा तिच्या वस्तादानेच तिला मारहाण करून हात मोडले, असे तिच्या नातवाने सांगितले आहे. दूध विकून, रस्त्यावर खाण्याचे पदार्थ विकून तिने दिवस काढले. १९८६ मध्ये ती गेली. ज्या कल्याणमध्ये ती विस्मरणात गेली, तिथलीच मुलगी २०२३ मध्ये पहिल्या महिला केसरीच्या अंतिम फेरीत उभी होती.

त्याच २०२३ सालच्या जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलपासून देशातल्या नामवंत महिला मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. म्हणजे सांगलीत गदा दिली जात होती आणि ज्यांना पाहून आपल्या मुली कुस्तीकडे वळल्या, त्या न्याय मागत होत्या. डिसेंबरमध्ये साक्षी मलिकने पत्रकारांसमोर आपले बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये देशाला महिला कुस्तीतले पहिले पदक मिळवून देणारी हीच साक्षी.

मला इथे दुसऱ्या एका खेळाची आठवण होते. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, आपला त्याच्याशी संबंध नाही. पण १९५० साली अमेरिकेत तेरा महिला गोल्फपटूंनी एकत्र येऊन स्वतःची व्यावसायिक संघटना उभी केली. सुरुवातीच्या काळात मैदान आखणे, प्रसिद्धी करणे, बक्षिसाचे धनादेश लिहिणे, सगळे त्यांनीच केले. पैसा थोडा होता, पण कारभार खेळणाऱ्या बायकांच्या हातात होता. आपल्याकडे कुस्ती संघटनांमधली गटबाजी सर्वांना ठाऊक आहे. त्या भांडणात महिला मल्लांचे मत कुणी विचारले, असे दिसत नाही.

स्पर्धा मिळणे हा हक्काचा अर्धा भाग झाला. ती कोण भरवते, निवड कोण करते, सोबत कोण जाते आणि तक्रार कुणाकडे करायची, हा उरलेला अर्धा. १९९७ च्या विशाखा निकालासाठी आणि २०१३ च्या कायद्यासाठी आपण सगळ्याजणींनी मोर्चे काढले, शिबिरे घेतली. त्या कायद्यात क्रीडासंस्था, क्रीडासंकुले आणि प्रशिक्षणाच्या जागाही येतात. तालमीला आपण तो कधी लावला का? कार्यालयात समिती आहे का, हे विचारतो. क्रीडासंकुलात विचारले का? ही चूक आपलीही आहे.

म्हणून येत्या हंगामासाठी जळगाव-धुळ्याच्या गटांनी चार गोष्टी हाती घ्याव्यात. यात्रा समितीच्या सभेला जाऊन मुलींची कुस्ती संध्याकाळी, गर्दीच्या वेळी ठेवायला सांगावे आणि इनाम सारख्या वजनाच्या मुलांएवढे मागावे. कपडे बदलायला बंद खोली आणि स्वच्छतागृह मागावे. निवड चाचणीला जाणाऱ्या मुलींसोबत एक बाई असलीच पाहिजे. नसेल तर आपल्यातली एक जाईल. आणि मुलींच्या तालमीत व क्रीडासंकुलात तक्रार समितीच्या सदस्यांची नावे फळ्यावर लिहिलेली असावीत.

त्या गावच्या मुलीबरोबर चाचणीला आमच्या गटातली एक मैत्रीण गेली. मुलगी दुसऱ्या फेरीत हरली. परतीच्या एसटीत ती रडली, मग झोपली आणि घरी पोचल्यावर म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा जायचे. त्या वर्षी आखाजीला शाळेजवळच्या लिंबाला झोके बांधले, तिथेच आजीने तिला विचारले, "जिंकशी ना वं?"

तुमच्या गावच्या दंगलीत काय होते, ते पत्राने जरूर कळवा. पुढचा अंक त्यासाठी राखून ठेवला आहे.

तुमची,
संपादिका