खोली वेगळी, घड्याळ वेगळं

हा लेख कॉम्प्युटरवर बसणाऱ्या नातवंडांसाठी आहे, पण आजी-आजोबा, तुम्हीही वाचा. गोष्ट गोळ्यांच्या वेळेची आहे.

न्यू जर्सीतल्या एका ओळखीच्या घरी नातवाने आजीसाठी गोळीची आठवण देणारा प्रोग्रॅम बसवला. वेळ सकाळी आठची. थंडीच्या दिवसांत घंटा वाजली पहाटे तीनला! आता रक्तदाबाची गोळी तीनला घेतली आणि सवयीने आठला पुन्हा, तर म्हातारं माणूस चक्कर येऊन पडायचं.

प्रोग्रॅम ठीक होता. तो फ्रीबीएसडीच्या ‘जेल’मध्ये ठेवलेला होता, एवढंच. जेल म्हणजे तुरुंग, पण मला ती हॉस्पिटलातली आयसोलेशनची खोलीच वाटते. या कल्पनेचं मूळ, ‘सीएचरूट’, आमच्या मरे हिलच्या बेल लॅब्समधलं, १९७९ च्या युनिक्समधलं. ‘जेल’ आलं २००० साली.

प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या हाती एक चिठ्ठी असते: घर कुठे, भाषा कोणती, घड्याळ कुठल्या गावचं. हेच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. चिठ्ठी आईकडून लेकराला मिळते, लेकराकडून आईला नाही. नातवाने घड्याळाची ओळ, ‘टीझेड’, लिहिली होती आपल्या लॉगिनच्या फाइलीत. ती फाइल वाचली जाते कोणी लॉगिन केल्यावर. मशीन चालू होताना आपोआप सुरू होणारा प्रोग्रॅम त्या दारानं येतच नाही. त्यात जेलच्या फाइलीत ‘एक्झेक-क्लीन’ लिहिलेलं असलं की बाहेरच्या चिठ्ठीतल्या घर, शेल, टर्मिनल आणि युझर एवढ्या चारच ओळी उरतात. जेलमध्ये घड्याळाचं गाव ठरवलेलंच नव्हतं, म्हणून यूटीसी, हिवाळ्यात आपल्यापेक्षा पाच तास पुढे.

तेव्हा ओळ लिहायची जेलच्या आतल्या ‘आरसी-कॉन्फ’ फाइलीत, त्या सर्व्हिसच्या नावाला ‘अंडरस्कोर एन्व्ह’ जोडून. मग सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू करा. चालू असलेली जुनीच चिठ्ठी धरून बसते. टाइमझोनच्या फाइली आत आहेत का तेही बघा. नसल्या तर तक्रार न करता गुपचूप यूटीसी दाखवतं, हा मला त्याचा सगळ्यात वाईट गुण वाटतो.

आणि नुसतं ‘जे-एक्झेक’ने आत शिरून वेळ विचारू नका. तुम्ही आपलीच चिठ्ठी घेऊन आत जाता, उत्तर बरोबर येणारच. ताप रोग्याचा बघायचा, भेटायला आलेल्याचा नाही! दिवसाउजेडी मशीन बंद-चालू करा, दहा मिनिटांनंतरची आठवण लावा आणि घंटा ऐका. तोवर फ्रिजवरचा कागद काढू नका.