बिल मिटल्यानंतर

अहिल्यानगर जिल्ह्यात चार मित्रांनी रात्री बसायचं ठरवलं की पहिला प्रश्न असतो ‘कुठं?’ आणि दुसरा ‘काँट्री किती?’ घरी कसं जायचं, हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर परमिट रूमच्या दारात स्टँडवर उभं असतं : माणसं चार आणि मोटारसायकली दोन.

मित्रांच्या अशा बसण्याला आमचा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. सुप्याच्या कारखान्यात मशीनवर उभा राहणारा, झेडपीच्या शाळेत शिकवणारा, गावात दूध संकलन केंद्र चालवणारा आणि वडिलांची चार एकर कसणारा, असे एका वर्गात शिकलेले चौघं महिन्या-दोन महिन्यांनी एका टेबलावर येतात. एकाची बिअर असते, दोघांत क्वार्टर असते, चौथा पीत नाही. तो मसाला पापड आणि शेंगदाण्यांवर असतो. त्या दोन-तीन तासांत कांद्याचा भाव निघतो, उसाची तोड कधी येणार ते निघतं, आणि मग आवाज जरा खाली आला की सोसायटीचं थकलेलं कर्ज आणि बहिणीचं अडलेलं लग्नही निघतं. आपल्याकडचा पुरुष या गोष्टी घरी बोलत नाही. त्या बोलायला त्याला एक टेबल आणि तीन ओळखीचे चेहरे लागतात. जिल्ह्यातल्या छोट्या गावांत रात्री नऊनंतर असं टेबल दुसरीकडे कुठं मिळत नाही. राळेगणसिद्धीने दारू गावाबाहेर काढली, तिथल्या बायकांचं आयुष्य त्याने बदललं, आणि त्या कामाचं मोल आम्ही मानतो. पण जिल्हा राळेगणच्या वाटेने गेला नाही, तेव्हा जे चालू आहे त्याबद्दलच बोलायला हवं.

आमची तक्रार बिल मिटल्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल आहे.

नगर हे रस्त्यांचं शहर. पुणे, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कल्याण, पाथर्डी अशा सगळ्या बाजूंनी वाहतूक इथं येते. परमिट रूम या रस्त्यांच्या कडेला उभ्या राहिल्या आणि पिणाऱ्यांची घरं रस्ता सोडून आठ-दहा किलोमीटर आत वाड्या-वस्त्यांवर राहिली. रात्री अकराला तिकडे एसटी जात नाही, रिक्षा मिळत नाही. त्यात गाळपाचा हंगाम. जिल्हाभर साखर कारखाने, त्यांच्याकडे जाणारे दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर, बाजूने रस्त्यावर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने झाकलेला. शुद्धीत असलेल्या माणसालाही असा ट्रेलर शेवटच्या क्षणी दिसतो. करंजी घाटात किंवा नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांत दोन पेग घेतलेल्या चालकाकडे तो शेवटचा क्षणही उरत नाही.

‘मला काही झालेलं नाही, मी चालवतो.’ हे वाक्य रोज रात्री शेकडो पार्किंगमध्ये उच्चारलं जातं आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. दारू अंतराचा अंदाज घालवते, हात मंद करते, पण त्याच्याही आधी आपल्याला किती चढली आहे हे ओळखण्याची शक्ती काढून घेते. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 म्हणूनच चालकाला काय वाटतं ते विचारत नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. व्हिस्कीची 180 मिलिलिटरची क्वार्टर सर्वसाधारण बांध्याच्या माणसाने एकट्याने संपवली, तर दोन-अडीच तासांनंतरही त्याचं प्रमाण या मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त भरतं. शरीर तासाला साधारण 15 ते 20 मिलिग्रॅमच्या वेगाने ते कमी करतं. ताक, लिंबू, तोंडावर मारलेलं गार पाणी यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. म्हणजे अकराला उठलेल्या माणसाने गाडीला हात लावायचा तो मध्यरात्र उलटून बराच वेळ गेल्यावर.

सर्वोच्च न्यायालयाने याच चिंतेने 15 डिसेंबर 2016 ला निकाल दिला होता. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा तो निकाल. 1 एप्रिल 2017 पासून राज्यातल्या हजारो दुकानांची शटर खाली आली. त्याआधी आदल्याच दिवशी 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर 220 मीटर झालं होतं. जुलैत नगरपालिका-महापालिकांच्या हद्दी मोकळ्या झाल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत ग्रामपंचायतींबाबत ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली. शटर पुन्हा वर गेली. आमच्या मते तो सगळा वाद चुकीच्या गोष्टीवर झाला. रस्ता ते बार हे अंतर मीटरमध्ये मोजत बसलो. बार ते घर हे अंतर कुणी मोजलंच नाही. पाचशे मीटर आत गेलेल्या बारमधूनही माणूस परत त्याच रस्त्यावर, त्याच मोटारसायकलवर येणार होता.

महाराष्ट्रात रस्त्यावर वर्षाला पंधरा हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यांतले किती जण पिऊन चालवत होते, याचा सरकारी आकडा नेहमी लहान दिसतो, आणि त्यामागे एक दुःखद कारण आहे. गाडीच्या विम्यातलं चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण नशेत चालवणाऱ्याला मिळत नाही. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये देणारी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनाही अंमली पदार्थांच्या अंमलाखाली झालेल्या अपघाताला लागू नाही. मग जवाब देताना कुणीच ‘पिला होता’ म्हणत नाही. पाठीमागे बसलेला मित्र म्हणत नाही, सरपंच म्हणत नाही, आणि विधवा तर कधीच म्हणणार नाही. तिला दोष कोण देईल? पण त्या गप्प बसण्यामुळे प्रश्न कागदावर येत नाही आणि जो कागदावर नाही त्यासाठी कुणी पैसे किंवा पोलीस देत नाही.

कागदाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात आजही पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना मिळतो. नियमाप्रमाणे तीव्र मद्यासाठी ग्राहकाचं वय 25 पूर्ण हवं, बिअरसाठी 21. म्हणजे टेबलावर बसणारा माणूस कोण, त्याचं वय काय, त्याने काय मागवलं, या सगळ्याची चौकशी करण्याचा अधिकार आणि यंत्रणा सरकारकडे आधीपासून आहे. नोव्हेंबर 2023 पासून परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट पाच टक्क्यांवरून दहा टक्के झाला. जून 2025 मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय झाला. तिजोरीला प्रत्येक पेगमागे वाटा मिळतो. त्या वाट्यातला काही भाग त्या ग्राहकाला जिवंत घरी पोहोचवण्यावर खर्च व्हावा, ही मागणी अवाजवी नाही.

मालकांनाही आम्ही सोडणार नाही. तेल, पाणी, पार्किंग, सीसीटीव्ही सगळं त्यांच्या हिशेबात असतं. चार गाड्यांच्या चाव्या काउंटरवर ठेवून घ्यायच्या, गावातल्या दोन पिकअपवाल्यांशी आणि चार रिक्षावाल्यांशी रात्रीचा ठरलेला भाव बांधून घ्यायचा, मागच्या खोलीत आठ गाद्या टाकायच्या, यात कुणाचा धंदा बुडत नाही. शेजारच्या गोव्यात वाहतूकमंत्री मॉविन गुदिन्हो यांनी पिलेल्या ग्राहकांना टॅक्सीने घरी धाडण्याची जबाबदारी बारमालकांवर टाकण्याची भूमिका जाहीरपणे मांडली होती. पर्यटकांच्या राज्यात जे बोललं जाऊ शकतं, ते शेवगाव-पाथर्डीच्या पोरांसाठी का बोललं जाऊ नये?

आणि मित्रांनो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. चौघांतला जो पीत नाही त्याला आग्रह करणं थांबवा. ‘तुला काय, एक घे की’ म्हणून तुम्ही ज्याला ओढता, तो त्या टेबलावरचा सगळ्यात मोलाचा माणूस आहे. त्याच्याकडून काँट्री घेऊ नका. चौघंही पिणारे असतील तर आळीपाळी लावा : या वेळी याची कोरडी रात्र, पुढच्या वेळी त्याची. मोटारसायकली गावात ठेवून एकाच चारचाकीत या. तेही जमणार नसेल, तर कुणाच्या तरी घरी अंगणात बसा आणि तिथंच झोपा.

दर वर्षी 24, 25 आणि 31 डिसेंबरला राज्य सरकार परमिट रूमची वेळ पहाटेपर्यंत वाढवून देतं. हंगाम ऐन भरात असताना, ट्रेलर रस्त्यावर असताना ही वेळ वाढते. या वर्षीच्या आदेशात जिल्हाधिकाऱ्यांनी आणि उत्पादन शुल्क अधीक्षकांनी एक अट घालावी : ज्या परमिट रूमने परतीच्या वाहनाची लेखी व्यवस्था दाखवली, तिलाच वाढीव वेळ. बाकीच्यांनी नेहमीच्या वेळेला बंद करावं. त्या तीन रात्रींनंतर सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागातल्या नोंदी आदल्या वर्षीच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात, आणि फरक दिसला तर मार्चअखेरच्या परवाना नूतनीकरणाच्या वेळी तीच अट वर्षभरासाठी लागू करण्याचा प्रस्ताव राज्य सरकारकडे धाडावा.