निघताना ‘या’ म्हणणारी भाषा

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली मुलं आता स्पेनपर्यंत पोचलीत, कुणाचे व्याहीही तिकडचे. मग आईवडील स्पॅनिश शिकायला बसतात ते थेट क्रियापदांचे तक्ते घेऊन! माझं मत उलटं आहे. आधी बोलण्यातले तुकडे अख्खे कानात भरा. तिथे फोन ठेवताना ‘बेंगा, आस्ता लुएगो’ म्हणतात. (लिहितात व्हीने, ऐकू येतो ब.) ‘बेंगा’चा शब्दशः अर्थ ‘या’. कोशात बघाल तर गोंधळाल. पण आपणही निघताना ‘येतो’च म्हणतो ना? ‘बाले’ तर उठताबसता, आपल्या ‘बरं’सारखं. ‘नो पासा नादा’ म्हणजे शब्दशः ‘काही घडत नाही’, पण म्हणायचं असतं ‘असू द्या हो’. चहा सांडल्यावर विहीणबाई तसं म्हणाल्या आणि आपण ‘काय घडत नाही?’ म्हणून तक्ता चाळत बसलो, तर कसं व्हायचं?